वास्तू गेली, स्थान राहिले का?

नागपूरहून वर्धा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की विमानतळ संपता संपता उजव्या हाताला मिहान हा विमानतळाला लागून असलेला औद्योगिक प्रकल्प लागतो. विमानदुरुस्तीचे अवाढव्य हँगर, एम्सच्या इमारती, संगणक कंपन्यांची संकुले, शेजारून धावणारी मेट्रो. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या. जमिनीचा मोबदला एकरात मोजता येतो. गाव उठते तेव्हा रस्त्याकडेचा पार, चावडी, मारुतीचे देऊळ, पाणवठ्याची वाट यांचे मोजमाप कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न मात्र महसुली नाही. वास्तू पाडल्यावर तिचे काही उरते का, हा तो प्रश्न. आणि तिचे चित्र उरले, तर त्या चित्रात नेमके काय उरते?

चित्रे भरपूर उरली आहेत, पण ती भलत्याच वास्तूंची. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर राजधानी झाली आणि मोठ्या रस्त्यांवर साहेबांच्या मुक्कामासाठी डाकबंगले उभे राहिले. १८७९ च्या जुलैत हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. पुढे त्यावर चित्रे आली. मुंबईच्या क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या प्रकाशकांनी देशभरची दृश्ये कार्डांवर छापून विकली: स्टेशने, चर्चे, किल्ले, बंगले. ही कार्डे सुंदर आहेत, जपण्यासारखी आहेत. पण बंगल्याच्या ओसरीत उभा असलेला खानसामा त्यांत बहुधा बिननावाचाच राहतो, आणि बंगला ज्या गावाच्या शिवारात आहे ते गाव चौकटीबाहेर.

मिहानला लागून असलेल्या सोनेगाव विमानतळाचा या कागदांशी जवळचा संबंध आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. त्या थैल्यांतून देशभरच्या नामांकित इमारतींची चित्रे गेली असतील. धावपट्टीशेजारच्या शिवणगावचे चित्र छापण्याचे कारण मात्र कोणत्याही प्रकाशकाला नव्हते.

वास्तू गेल्यावर काय उरते, याचे देवळांपुरते उत्तर धर्मशास्त्राने दिले आहे. मंदिर मोडकळीला आले किंवा हलवावे लागले, तर मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात घ्यायचे आणि नव्या जागी पुन्हा प्राणप्रतिष्ठा करायची. अग्निपुराणातही जीर्णोद्धाराचा विचार आला आहे. म्हणजे दगडविटांना परंपरा चिकटून बसलेली नाही. देव जागा बदलू शकतो, हे तिला मान्य आहे. पण ज्या पिंपळाखाली देव बसला होता तो पिंपळ कलशात येत नाही. पहाटे पाणी घालायला येणारी म्हातारी, पायरीवर बसून उसाच्या पैशांचा हिशेब करणारे शेतकरी, यांच्यासाठी विधी नाही. देव सुटतो, गाव अडकते.

इथे महानुभाव पंथाकडे वळावे लागते. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात विदर्भ-मराठवाड्यातून पायी हिंडले. रस्त्याकडेची देवळे, मठ, झाडांच्या सावल्या, नदीकाठ हे त्यांचे मुक्काम. त्यांच्या मागे अनुयायांनी त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ सिद्ध झाला. कोणत्या गावी स्वामी राहिले, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, स्वामी कुठे बसले, कुठे निजले, हे त्यात गावोगाव नोंदले आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात आयुष्य घालवले, त्यात या पोथीचेही संपादन आहे. त्यातली कित्येक देवळे आज पडली, बदलली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आणि इतरत्र त्या जागी ओटे आहेत आणि भाविक ओट्याला नमस्कार करतात.

पोथीत एकही चित्र नाही, तरी ती छायाचित्रापेक्षा जास्त राखते, असे म्हणण्याचे धाडस करावेसे वाटते. कारण तिला वास्तूच्या शोभेत रस नाही. तिला संबंध हवा आहे: इथे कोण आले, काय केले, कोणाशी बोलले. ज्या जागेला परमेश्वराचा संबंध झाला ती वंदनीय. भिंत असो वा नसो. शिक्षक, सुईण, पाणक्या यांचा संबंध झालेली जागा त्या पंथाच्या अर्थाने ‘स्थान’ नव्हे, हे खरे. पण नोंद ठेवण्याची ती शिस्त उचलायला पंथाची अडचण नसावी.

बौद्ध विचार याच्याही पुढे जातो. जे जे संयुक्त ते ते अनित्य, आणि इमारतीइतके उघड संयुक्त दुसरे काय असणार? तरीही मिहानपासून काही किलोमीटरवरच्या दीक्षाभूमीकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिथे मोकळे मैदान होते. आजच्या भव्य स्तूपाचे लोकार्पण २००१ साली झाले. मधल्या वर्षांत लाखो माणसे त्या मैदानाला वंदन करायला येतच होती. वास्तू नंतर आली, स्थान आधीच झाले होते. अनित्यतेची शिकवण म्हणजे विसरण्याची परवानगी नव्हे, हे त्या गर्दीने तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट सांगितले.

मग मिहानच्या गावांसाठी काय करता येईल? साहेबाने काढली नाहीत ती चित्रे घराघरांत असू शकतात: लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवामागे दिसणारी चावडी, शाळेच्या गटफोटोतली कौले, बैलपोळ्याच्या फोटोतले तोरण. पुनर्वसनात गेलेल्या कुटुंबांकडून ती मागून घ्यावीत आणि प्रत्येकामागे स्थानपोथीच्या रीतीने लिहावे: दार कुठे होते, विहीर कोणाची, पारावर कोण बसायचे. कोणाला त्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, तेही लिहावे. संबंधात तेही येते. भूमी अभिलेखाच्या जुन्या गाव नकाशांवर गट क्रमांक आणि पाणंद रस्ते असतात. फोटो, आठवण आणि नकाशा एकत्र मांडले, तर हँगरच्या कोणत्या खांबाजवळ मारुती होता ते दाखवता येईल. दार कोणीकडे होते हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरीपुढची आहेत, त्यामुळे सुरुवात त्यांच्या घरांपासून करायला हवी.