वाईट झाले, पण...



धर्माच्या नावाने कुणाचा खून झाला की चावडीवर, चहाच्या टपरीवर आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "वाईट झाले, पण..." मेलेला माणूस आपल्यातला असेल तर हा 'पण' येत नाही. तो परक्या समाजाचा असेल तर मात्र लगेच येतो. या लहानशा शब्दाचा आज आपण विचार करू या.

त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातले, मोताळा तालुक्यातले रोहिणखेड पाहा. तिथे खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधलेली मशीद आहे. महदवी हा मुसलमानांमधला एक पंथ. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) हेच वचन दिलेले 'महदी' होत, अशी या पंथाची श्रद्धा. या श्रद्धेपायी उत्तर हिंदुस्थानात महदवींचा छळ झाला. शेख अलाई या त्यांच्या साधुपुरुषाला इस्लामशहा सूरच्या कारकिर्दीत फटके मारण्यात आले आणि त्यातच त्याचा अंत झाला.

पुढे १५८९ मध्ये अहमदनगरला चक्र फिरले. तिथल्या दरबारात दख्खनी आणि परदेशी अशी जुनी तेढ होती. मिर्झाखान या परदेशी गटाच्या सरदाराने तरुण निजामशहाचा खून करवला. त्यावर दख्खनी गटाचा नेता जमालखान उठला आणि शहरात परदेशी लोकांची कत्तल सुरू झाली. खुनाचा कट मोजक्या लोकांचा होता. जीव मात्र शेकडो लोकांचे गेले आणि त्यांतल्या कित्येकांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते परदेशी होते. सत्ता हाती आल्यावर जमालखानाने आपला महदवी पंथ राज्याचा धर्म केला. काल ज्यांना फटके बसत होते ते आज सत्तेवर बसले.

दोनएक वर्षांतच बुऱ्हाण निजामशहा खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन चालून आला. लढाई झाली ती याच रोहिणखेडला. जमालखान तिथे मारला गेला. बुऱ्हाणाने शिया पंथ पुन्हा राज्याचा धर्म केला आणि मग महदवींची पाळी आली. अनेकांना ठार मारण्यात आले, बाकीचे परागंदा झाले. खुदावंदखानाची मशीद तेवढी आजही उभी आहे.

या साऱ्या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छळ म्हणजे काय हे महदवींना ठाऊक होते. कत्तल म्हणजे काय हे परदेशी लोकांना ठाऊक होते. तरीही ज्याच्या हाती सत्ता आली त्याने आपली जखम पुढे केली आणि दुसऱ्याला जखमी केले. "आमच्यावर अन्याय झाला" हे दोघांचेही म्हणणे खरे होते. ते अर्धेच सांगितल्यामुळे खोटे ठरले.

आजही हेच चालू नाही काय? २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला एका तरुण मुस्लिम संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. समाजमाध्यमावर कुणीतरी महापुरुषांची विटंबना केली होती. त्याच्याशी या तरुणाचा काही संबंध नव्हता. त्याच्या रूपावरून त्याचा धर्म ओळखू आला, एवढेच निमित्त पुरले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या मारहाणीत मरण पावले. तिथे कारण होते चोर आल्याच्या अफवेचे. तरी चर्चेत त्या घटनेला लगेच धर्माचा रंग देण्यात आला. एका घटनेवर तावातावाने बोलणारे कितीतरी लोक दुसरीवर गप्प राहिले. दुसरीवर बोलणारे पहिलीवर गप्प होते.

कुणी म्हणेल, सगळ्या घटना सारख्या कशा? बरोबर आहे. अफवेतून झालेली हत्या आणि धर्म पाहून केलेली हत्या यांत फरक आहे आणि तो न्यायालयाने व आपणही केलाच पाहिजे. एकच माप लावायचे म्हणजे सगळ्यांना एकच निकाल द्यायचा असे नव्हे. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे : मारले कुणी, का मारले, चिथावणी कुणी दिली, न्याय मिळाला का?

आणखी एक धोका आहे. "त्या वेळी तुम्ही कुठे होता?" हा प्रश्न योग्य असू शकतो. पण त्याचा उपयोग बहुधा आजच्या मृताकडे पाठ फिरवण्यासाठी होतो. विसरलेल्या मृतासाठीही शोक करायला लावत असेल तरच तो प्रश्न प्रामाणिक. आजचा शोक बंद पाडण्यासाठी विचारला तर तो निव्वळ कांगावा.

आता आपल्याकडे वळू या. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना गाडीत जाळून मारण्यात आले. तेव्हा "वाईट झाले, पण धर्मांतर..." हे शब्द आपल्या जिव्हारी लागले. लागायलाच हवे होते. झोपलेल्या मुलांच्या मरणापुढे कसला आला 'पण'? ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली.

मग गोव्यातील इन्क्विझिशनचा विषय निघाला की आपण काय म्हणतो? १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे सोडता, ते न्यायासन चालले. "तो काळच तसा होता" हाही एक 'पण'च आहे. ख्रिस्तसभेने तो मार्ग सोडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे जाहीर केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल, सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दलही, देवाची क्षमा मागितली. त्यामुळे आपली मान खाली गेली नाही. उलट स्वतःवरील अन्यायाबद्दल बोलण्याचा आपला अधिकार बळकट झाला.

आपण ज्या मापाने मोजू त्याच मापाने आपल्याला मोजले जाईल, ही प्रभू येशूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती घरात आणण्याचा एक साधा उपाय आहे. एखादी बातमी वाचली की त्यातल्या दोन्ही बाजूंच्या नावांची मनात अदलाबदल करून पाहावी. मग आपले मत बदलते का? बदलत असेल तर ते मत न्यायाचे नव्हे, जातभाईंचे आहे. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधीही हीच कसोटी लावावी. आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपल्या मृतांबरोबर ज्यांची नावे आपल्या ओठांवर सहज येत नाहीत, त्यांच्यासाठीही एक विनंती असावी.

येत्या आठवड्यात "वाईट झाले" एवढे म्हणून थांबण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांना देवो.