तळे कोणाचे?

सुरत शहराच्या आग्नेय अंगास दिंडोली वसली आहे. एके काळी शेतशिवाराचे गाव असलेली ही वस्ती आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि तिच्या गल्ल्यांतून गुजरातीच्या जोडीने मराठी व अहिराणी सर्रास कानी पडते. भुसावळ, जळगाव, नंदुरबारवरून उधन्यास येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशची माणसे येथे आली आणि कापडाच्या धंद्याने त्यांना पोटास दिले. या दाट वस्तीत एक तळे आहे. छठपूजेस उत्तरेकडील भगिनी त्याच्या काठी जमतात. काठच्या उथळ पाण्यात बगळा निश्चल उभा असतो.

हे तळे कोणाचे, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारून पाहिला. कायदा म्हणेल, पालिकेचे. परंपरा म्हणेल, मूळ गावकऱ्यांचे. गरज म्हणेल, ज्यास हवे त्याचे. तिन्ही उत्तरांत सत्यांश आहे. परंतु बगळ्याचे नाव त्यांपैकी एकातही नाही. शिवाय परगावाहून आलेल्या माणसास तिन्हीही एकच सोयीस्कर पळवाट देतात: तळे आपले नव्हे, म्हणून त्याची चिंताही आपली नव्हे.

ही पळवाट किती फसवी आहे हे पाण्यानेच दाखवून दिले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी सुरतेत शिरली. जून २०२५ मध्ये खाड्यांना पूर येऊन अनेक वस्त्या बुडाल्या. पावसाचे पाणी साठवणारी जागा बुजली म्हणजे ते पाणी घराचा उंबरा शोधते, आणि घरमालक मूळचा की उपरा हे ते विचारीत नाही.

मग मालकी कशाने सिद्ध व्हावी? याचे उत्तर आम्हांस दिंडोलीकरांच्या मुलखातच सापडते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील डोंगर उजाड झाले होते, पाण्यासाठी वणवण होती. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने पाड्याने स्वतःवर कुऱ्हाडबंदी घातली आणि ती मोडणाऱ्यास दंड ठरविला. चारशेहून अधिक हेक्टर रान पुन्हा उभे राहिले; विहिरींस पाणी आले, रानभाज्या आल्या, वन्य जीव परतले. २०२५ मध्ये श्री. पवार यांस पद्मश्री मिळाली. ते रान सरकारी दप्तरी पाड्याच्या नावे नव्हते. तरीही ते पाड्याचे झाले, कारण पाड्याने ते राखले.

गोमंतकातील वाचकांस हे नवे वाटणार नाही. खाजनांचे बांध आणि मानशी गांवकरीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, म्हणूनच त्याच भूमीत भात पिकले, मासळी मिळाली आणि पाणपक्ष्यांसही वाटा राहिला. माणसाने स्वतःच्या हातास घातलेला लगाम हाच तेथे इतर जीवांचा वाटा ठरला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. बारा तास मागावर उभा राहणारा, एका खोलीत पाच-सहा जणांसह राहणारा मजूर, त्यास संयमाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? उपदेश करूच नये. बारीपाड्याचा संयम उपदेशातून आला नाही. नियम करण्यात प्रत्येक घराचा आवाज होता, म्हणून नियम पाळला गेला. ज्या तळ्याविषयी कोणी कधी विचारलेच नाही, त्यात निर्माल्य वा कचरा टाकताना कोणाचा हात कशासाठी अडखळावा? तेव्हा मजुरास आधी तळ्याच्या कारभारात वाटा द्यावा, मग त्याच्याकडे कर्तव्य मागावे.

साक्रीच्या डोंगरांत उगम पावणारी पांझरा तापीस मिळते आणि तापी सुरतेस येते. म्हणजे खानदेशची माणसेच नव्हे, खानदेशचे पाणीही येथवर आले आहे. जे पाणी गावी जपावे असे आपण मानतो, ते येथे परके कसे ठरेल? वारसा मागून घेता येत नाही, राखणे मात्र कोणासही आरंभता येते. आमच्या मते दिंडोलीचे तळे त्याचेच, जो ते बगळ्यासाठीही शिल्लक ठेवतो.