खरी खूण, खोटी खूण

शास्त्रभाग : निर्गम २०:१६

कोणता पक्षी कोठे आढळतो याचे नकाशे आज हजारो स्वयंसेवक बिनमोबदला घडवतात व दुरुस्त करतात. दिसले तेवढेच लिहावे, हा त्यांचा नेम. नवव्या आज्ञेचा अर्थ यातून आपणांस उमगतो.

रानपिंगळा या लहान घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ सालचा. माइनर्त्झहागन या अधिकाऱ्याने तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीस मिळाल्याचे सांगितले. वास्तविक त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ही लबाडी उमगल्यावर पामेला रासमुसेन व सोबत्यांनी खऱ्या नोंदींचा माग धरला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो जिवंत सापडला! २०१४ मध्ये हौशी निरीक्षकांना तो तानसा अभयारण्यातही दिसला, आणि नकाशात भर पडली.

आपणही प्रार्थनासभेत साक्ष देतो. ती सजवण्याच्या भरात न घडलेले जोडले, तर त्या खुणेवरून देवाला शोधणारा दुबळा भाऊ भलत्याच रानात भटकेल. रविवारच्या शाळेतील लेकरेही आपल्याच शब्दावर वाट धरतात. साक्ष थोडी असो, पण खरी असो. चिमणीलाही न विसरणारा पिता ती मोलाची मानील.