ख्रिस्तसभेची मोजदाद



पवित्र मिस्सेत धर्मगुरू पहिली युखारिस्त प्रार्थना म्हणतात, तेव्हा संतांची एक लांब नामावली आपल्या कानांवर पडते. त्यात कॉर्नेलियस, सिप्रियन आणि लॉरेन्स ही तीन नावे एकापाठोपाठ येतात. रोमन साम्राज्यात छळ चालू असताना, एकाच दशकात ह्या तिघांनी प्रभूसाठी प्राण वेचले. त्यांच्यापैकी परमगुरू संत कॉर्नेलियस ह्यांच्या एका पत्रावर आज आपण मनन करू या. एवढ्या बलाढ्य साम्राज्यात मूठभर माणसांची ख्रिस्तसभा कशी वाढली, ह्याचे बरेचसे उत्तर त्या पत्रातील काही आकड्यांत सापडते.

काळ मोठा कठीण होता. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या हुकमानुसार प्रत्येकाला साम्राज्याच्या देवांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा लागत होता. त्याच वर्षी जानेवारीत परमगुरू संत फेबियन रक्तसाक्षी झाले आणि रोमचे आसन वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिले. सगळेच ख्रिस्ती काही शूर निघाले नाहीत. कुणी भीतीपोटी धूप जाळला, कुणी पैसे चारून दाखला मिळवला. इ.स. २५१ मध्ये कॉर्नेलियस परमगुरू झाले, तेव्हा अशा घसरलेल्या माणसांना परत घ्यायचे की नाही, ह्यावरून ख्रिस्तसभेत फूट पडली. नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते की त्यांना दार बंदच असावे. पश्चात्ताप करून योग्य ते प्रायश्चित्त घेणाऱ्याला आईच्या घरी जागा आहे, अशी कॉर्नेलियस ह्यांची भूमिका होती.

ह्या वादासंबंधी त्यांनी अँटिओकच्या महागुरूंना पत्र लिहिले. इतिहासकार युसेबियस ह्यांनी ते जपून ठेवल्यामुळे आज आपल्याला वाचायला मिळते. त्यात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद आहे: ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ वेदीसेवक, भूतबाधा काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू माणसे.

बंधु-भगिनींनो, क्षणभर ह्या यादीपाशी थांबू या. सेवा करणारे दीडशे आणि ज्यांचा सांभाळ होतो ते दीड हजार! आपली ख्रिस्तसभा केवढी आहे हे सांगताना परमगुरूंनी धर्मगुरूंच्या यादीतच विधवांनाही बसवले. इमारती, सोने, श्रीमंत आश्रयदाते ह्यांचा त्या यादीत उल्लेख नाही.

ही रीत रोमने नव्याने काढली नव्हती. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी सात जणांना त्या सेवेसाठी नेमले (प्रे. कृ. ६:१-६). कॉर्नेलियस ह्यांच्या यादीतही डीकन सातच आहेत, हे आपण पाहिलेच. इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन ह्यांनी रोममध्ये रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. वाचन, प्रवचन, प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे. शेवटी ऐपतवाले स्वखुशीने देत असलेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे ह्यांच्यासाठी ठेवले जाई. आज आपल्या मिस्सेत दानासाठी पिशवी फिरते, तिची परंपरा एवढी जुनी आहे.

मग साथ आली. इ.स. २५० च्या आसपास सुरू झालेली ही महामारी वर्षानुवर्षे साम्राज्याला पोखरत राहिली. अलेक्झांड्रियाचे महागुरू संत डायोनिशियस ह्यांनी लिहून ठेवले आहे की लोक आपल्याच आजारी माणसांना घराबाहेर लोटत असताना ख्रिस्ती बंधु-भगिनी रोग्यांची शुश्रूषा करत होते, मृतांना न्हाऊ घालून मूठमाती देत होते आणि ते करता करता स्वतःही मरत होते. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन ह्यांनी आपल्या लोकांना सांगितले की फक्त आपल्याच माणसांची काळजी घेण्यात काही विशेष नाही, जे आपला छळ करतात त्यांचीही सेवा करा. कोविडच्या दिवसांत माणूस माणसाला किती घाबरतो हे आपण अनुभवले आहे. म्हणून त्या सेवेची किंमत आपल्याला चांगली कळते.

ख्रिस्तसभेच्या वाढीला इतरही कारणे होती. रोमन रस्ते, सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा, शहरोशहरी असलेली यहुदी सभास्थाने, ह्या सर्वांचा उपयोग झाला. गरिबांना दान देण्याची शिकवणही आपल्याला यहुदी धर्माकडूनच मिळाली. पण रस्ते सर्वांसाठी होते. त्या रस्त्यांवरून आलेल्या अनोळखी माणसाला घरात घेणारे लोक थोडे होते. इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य दिले. त्याआधीच साम्राज्यातील दर दहापैकी सुमारे एक माणूस ख्रिस्ती झाला असावा, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे राजाश्रय मागाहून आला, ख्रिस्तसभा आधीच रुजली होती.

ह्याची साक्ष एका विरोधकानेच दिली आहे. सम्राट ज्युलियनला जुना धर्म पुन्हा उभा करायचा होता. इ.स. ३६२ मध्ये त्याने आपल्या एका पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहिले की हे गालीलकर स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. आणि मग त्याने गावोगावी धर्मशाळा उघडण्याचा हुकूम सोडला!

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू या. आपणही मोजदाद करतो: कुटुंबे किती, स्नानसंस्कार किती, लग्ने किती, सणाला जमा किती आणि खर्च किती. ह्या नोंदी हव्यातच. पण मुले परदेशी गेल्यावर एकट्या राहणाऱ्या किती आया आपल्यात आहेत? गुडघे दुखतात म्हणून किती जण मिस्सेला येऊ शकत नाहीत? काही कारणाने दुखावून किंवा लाजून चर्चची पायरी सोडलेले किती? आणि आपल्या वाडीच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय मजुराचे कुटुंब? ते आपल्या धर्माचे नाही म्हणून आपल्या यादीत नाही, असे आपण म्हणतो. ज्युलियनला नेमके हेच उत्तर हवे होते.

ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या रोझरीनंतर पाच मिनिटे काढून अशा एका माणसाचे नाव ठरवावे, आणि येत्या रविवारपूर्वी त्याच्या दारात जाऊन यावे. देण्यासारखे काही नसले तरी चालेल, थोडा वेळ बसावे.

प्रार्थना करू या: हे प्रभो येशू, तू आम्हाला नावानिशी ओळखतोस. आमच्या यादीतून सुटलेल्या माणसांची नावे आम्हाला दाखव आणि त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे बळ दे. संत कॉर्नेलियस, संत सिप्रियन आणि संत लॉरेन्स, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.