मांजराने ओरबाडलं

लग्नाला तीन महिने उरलेत आणि आईने लेझरची चौकशी करून ठेवलीये. माझ्या डाव्या हातावरच्या खुणा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या, म्हणजे 9 वर्षं जुन्या. माझ्या मीच केलेल्या. घरात सगळ्यांना माहितीये, पण बोलत कुणीच नाही. बाहेरच्यांसाठी एक उत्तर ठरलेलं आहे : 'मांजराने ओरबाडलं.' आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर सरळ बोलल्या. लेझरने खूण फिकट होते, उंचसखलपणा कमी होतो, पण ती पूर्ण पुसली जात नाही. बरीच सिटिंग्ज लागतात, दोन सिटिंग्जमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. सावळ्या त्वचेवर नवे डाग पडू नयेत म्हणून जपूनही करावं लागतं.

आधी मला वाटायचं, उपचार म्हणजे पळपुटेपणा. पण अपेंडिक्सच्या ऑपरेशनची खूण कुणी फिकट करून घेतली, तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. मग प्रामाणिकपणाचं ओझं माझ्याच खुणांवर का? झाकण्याचंही तसंच. ऑफिसात मी फुल बाह्या घालते, कारण सकाळच्या मीटिंगआधी मला कुणाची सहानुभूती नको असते. आपली गोष्ट कुणाला सांगायची हे आपण ठरवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

मांजर मात्र खोटं होतं. त्याची किंमत मला गेल्या मे महिन्यात कळली. नागपूरला मामाकडे गेले होते. एवढ्या उन्हाळ्यात 19 वर्षांची मामेबहीण फुल बाह्यांत. रात्री गच्चीवर माझ्या हाताकडे बघत तिने विचारलं, "ताई, हे कशाचं गं?" सवयीने तोंडातून मांजर बाहेर पडलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने स्वतःच्या बाह्या आणखी खाली ओढल्या.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिला खरं सांगितलं. ती खूप वेळ रडली. मग आम्ही दोघींनी मिळून 14416 ला फोन लावला. टेलि-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

खुणा घालवा, झाका किंवा तशाच राहू द्या. त्यात पाप-पुण्य काही नाही. ज्याला आपलं खरं उत्तर हवंय, त्याला एकटं पाडू नये, एवढंच.

लेझरचं लग्नानंतर बघू. मेंदीवाल्या ताईने विचारलंच तर सांगेन, "जुनं आहे, आता बरी आहे मी." आईला मात्र सांगून टाकलंय, ते मांजर आता घरात नको.