पगार मोजून भागत नाही

नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेली बाई पैशाच्या बाबतीत किती सावरली, हे मोजायचे कसे? सोपे उत्तर तयार असते: ती कमावते का, किती कमावते, बँकेत खाते आहे का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) स्वतः वापरत असलेले खाते ५३ टक्के स्त्रियांकडे होते; पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ७९ टक्क्यांच्या घरात गेले. त्याच काळात नवऱ्याची हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३१ वरून २९ टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम हलले. खाते उघडले म्हणून हिंसा मिटतेच असे नाही.

कारण खाते तिच्या नावावर असते. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर. बचत गटाचे कर्ज ती काढते, पैसा त्याच्या धंद्यात जातो आणि हप्त्याची चिंता तिला लागते. बांगलादेशातल्या सूक्ष्मकर्जांविषयी गोएट्झ आणि सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये हेच दाखवले होते: स्त्रियांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी बऱ्याच कर्जांचा ताबा घरातल्या पुरुषांकडे होता. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही घरखर्च अडवणे, स्त्रीधन परस्पर विकणे यांना आर्थिक छळ म्हटले आहे. अमेरिकेत एड्रियन अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा छळ मोजण्यासाठी २८ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. कामावर जायला अडवले का, पै-पैचा हिशेब मागितला का, तुमच्या नावावर कर्ज करून ठेवले का, असे ते प्रश्न.

पण छळ थांबला म्हणजे बळ आले, असेही नाही. छळाची मोजपट्टी काय हिरावले गेले ते सांगते. काय कमावले, हे वेगळे विचारावे लागते. नायला कबीर यांनी १९९९ मध्ये यासाठी तीन गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या: हाताशी असलेली साधने, स्वतः ठरवण्याची ताकद आणि त्यातून साधलेले जगणे.

केरळातला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे विवाहित स्त्रियांशी बोलून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या नावावर घर वा जमीन काहीच नव्हते, त्यांच्यातल्या ४९ टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८, घर असलेल्यांत १०, तर दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. नियमित नोकरीचाही आधार होताच. मात्र बायकोची नोकरी नवऱ्याच्या नोकरीपेक्षा चांगली असेल, तर धोका वाढलेला दिसला. म्हणजे कमाई एकीकडे ढाल होते आणि दुसरीकडे भांडणाचे निमित्त. घराचे काम निराळे. निघून जायचे ठरवले तर जायला जागा आहे, हे तिला ठाऊक असते आणि त्यालाही. मोजायला हवी ती ही जाण्याची सोय, मग ती प्रत्यक्ष वापरलेली असो वा नसो.

मोजणी कधी केली, यानेही उत्तर बदलते. घर सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांत खोलीची अनामत, मुलांची फी, कोर्टाच्या तारखांना बुडालेली मजुरी या सगळ्यांचा भार एकदम पडतो. तेव्हा केवळ उत्पन्न पाहिले, तर तिची पीछेहाट झाली, असेच कागद सांगेल. पण मुलीला कोणत्या शाळेत घालायचे, हे तिने याच महिन्यांत कोणाला न विचारता ठरवलेले असू शकते. अर्थात निर्णय आपला आणि घरात दाणा नाही, ही अवस्थाही सबलीकरणाची नव्हे. म्हणून नोंदीत उत्पन्न आणि निर्णय असे दोन्ही रकाने हवेत, आणि काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भरलेले हवेत.

समुपदेशन केंद्राने ते भरताना बाईला एकटीलाच विचारावे. रक्कम तर लिहावीच; पण ती खर्च करताना भीती वाटली का आणि नको त्या खर्चाला नाही म्हणता आले का, हेही लिहावे. हे रकाने कोरे राहिले, तर पगाराचा मोठा आकडाही दिशाभूल करील.