हातात आलेलं पाखरू

आमच्या घरात बंदूक होती ती पीक राखायला. परवान्यावर तसंच लिहिलेलं होतं. नदीकाठच्या रानात डुकरं शिरायची, हरणांचे कळप उभी ज्वारी तुडवायचे, म्हणून आजोबांनी ती एकनळी बंदूक घेतली होती. पुढं ज्वारी गेली, रान गेलं, आजोबाही गेले. बंदूक तेवढी राहिली. मुदत संपली की अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याला जाऊन परवाना नवा करून आणायचे. नसलेल्या पिकाची राखण कागदावर चालूच होती.

रान कुठं गेलं ते आधी सांगतो. आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं, गोदावरीकाठचं. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. भिंत पैठणला, पण पाणी मागं मागं फुगत शेवगाव-नेवाशाच्या शिवारात येऊन बसलं. त्याला नाथसागर हे नाव मिळालं. आमची काळी जमीन, घर, विहीर, सगळं त्याच्या पोटात गेलं. बदल्यात वर मुरमाड माळावर जागा मिळाली आणि थोडे पैसे. वाढीव मोबदल्याचा दावा अण्णांनी कोर्टात लावला होता. तारखेला जायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचे, आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

नाथसागर अफाट पसरलेला आहे, पण खोल नाही. काठाकाठानं तर कितीतरी लांबपर्यंत गुडघाभरच पाणी. अशा उथळ पाण्यात शेवाळ माजतं, गोगलगायी-किडे होतात आणि त्यामागं पाखरं येतात. आम्ही उठलो आणि ती उतरली. दिवाळी झाली की उत्तरेकडून थवे यायला लागत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, भुवई बदक. हळदी-कुंकू बदकं मात्र इथलीच, बारमाही. काळ्या अंगाचं, पांढऱ्या कपाळाचं एक पाखरू असतं, त्याला वारकरी म्हणतात. आजीच्या गळ्यात माळ होती. तिनं अण्णांना बजावून ठेवलं होतं, "वारकऱ्याला छर्रा लागला तर ह्या घरात मी पाणी पिणार न्हाई." अण्णा बाकी कुणाचं ऐकत नसत, पण वारकऱ्यावर त्यांनी कधी नेम धरला नाही.

बाकी बदकं ते मारत. पाखरं मारायला वेगळा परवाना लागतो, हे गावात कुणाला ठाऊक असलं तरी कुणी विचारलं नव्हतं. आणि कुणी विचारलंच तर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं.

"वावर महं, पाणी सरकारचं. मंग पाखरं कोणाची?"

ऐकणारा गप्प बसायचा. मला तर ते उत्तर एखाद्या निकालासारखं पक्कं वाटायचं. आमच्या वावरात उतरलेली बदकं म्हणजे आमचंच पीक. फक्त ते आता कोळप्यानं येत नव्हतं, छर्ऱ्यानं येत होतं.

पाण्यात पडलेलं बदक आणायचं काम मोत्याचं. मामा नगरला भिंगार कॅम्पात एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेबाची कुत्री लॅब्रॅडॉर जातीची, पण ती कुठल्या गावठी कुत्र्याशी जुळली आणि पिल्लं झाली. त्यातलं एक मामांनी पिशवीत घालून आणलं. रंगानं विटकरी, कान पडलेले, शेपूट मात्र गावठी, वर वळलेली. गावातली इतर कुत्री पाण्याला बिचकायची, हे पाणी दिसलं की आत. अण्णांनी त्याला काही शिकवलं असेल तर एवढंच, की मक्याचं कणीस पाण्यात भिरकवायचं आणि आणून दिलं की पाठीवर थोपटायचं. त्याचा जबडा फार हलका होता. एकदा गव्हाणीत कोंबडीनं घातलेलं अंडं त्यानं तोंडात धरून आणलं आणि आजीच्या पायाशी ठेवलं. तडासुद्धा गेला नव्हता.

अण्णांचेही तीन नेम होते. जखमी पाखरू सापडल्याशिवाय काठ सोडायचा नाही. मारलं ते खायचं, विकायचं नाही. आणि होळीच्या आत बंदूक खुंटीला. हा तिसरा नेम आजीचा. ती म्हणायची, "पाव्हणा निघाला की त्याला आडवू ने." थंडी सरली की बदकं भरपूर खाऊन अंगावर चरबी धरतात, कारण पुढं शेकडो कोस उडायचं असतं. हिमालयापलीकडं, कुठं मध्य आशियात, कुठं सायबेरियात जाऊन घरटी करायची असतात. आजीला हा भूगोल माहीत नव्हता. निघालेल्या माणसाला मागून हाकसुद्धा मारू नये, एवढं तिला माहीत होतं.

१९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. रंगपंचमी होऊन दोन दिवस झालेले. आदल्या दिवशी अण्णा तारखेला जाऊन आले होते. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण जेवले नाहीत. पहाटे मला जाग आली तर ते खुंटीवरून बंदूक काढत होते. आजी अंथरुणात उठून बसली होती. तिनं पाहिलं, आणि काही बोलली नाही. अण्णांनीही तिच्याकडं पाहिलं नाही. मोत्या आधीच दाराशी उभा. त्याला होळी काय, रंगपंचमी काय.

काठावर बेशरमाच्या झुडपांत आम्ही बसलो. त्या वर्षी पाणी बरंच मागं सरकलं होतं. लोकांनी उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर केली होती. पाण्यात लांब एक उंचवटा वर आलेला दिसत होता. ती आमच्या जुन्या गावाची पांढरी. उजाडायला लागलं तसा भुवई बदकांचा एक थवा खाली आला. अण्णा एरवी एखादं कडेचं पाखरू हेरून बार काढायचे. त्या दिवशी त्यांनी सरळ थव्यात बार टाकला.

थवा उधळला. एक पाखरू कलंडत, फडफडत लांब जाऊन पडलं आणि पाण्यावरून सरपटत पांढरीकडं निघालं. मोत्या सुटला. त्याचं विटकरी डोकं लहान लहान होत गेलं. अण्णा त्याच्याकडं बघत एकदम म्हणाले, "आत्ता हिरीवर हाये बघ." मला आधी कळलंच नाही. मोत्या आमच्या बुजलेल्या विहिरीवरून पोहत होता. मग जरा वेळानं म्हणाले, "आता बांधाव."

मोत्या उंचवट्यावर चढला, झुडपात शिरला, पाखरू घेऊन बाहेर आला आणि तिथंच उभा राहिला. अण्णांनी शीळ घातली, हाक मारली. तो शेपूट हलवायचा, पण पाण्यात उतरेना. दमला होता. सात वर्षांचं कुत्रं, वाट लांबची. शेवटी शेजारच्या भोई काकांची होडी मागून आम्ही निघालो.

त्या उंचवट्यावर मी समजत्या वयात पहिल्यांदाच पाय ठेवला. गाळानं भरलेल्या भिंतींच्या रेघा होत्या, एक फुटकं जातं होतं. मोत्या जिथं उभा होता ते एका घराचं जोतं. अण्णा होडीतून उतरले आणि चार पावलांवर थबकले. उंबऱ्याचा दगड अजून जागेवर होता. ते आमचं घर.

मोत्या पुढं आला आणि त्यानं नेहमीप्रमाणं मान वर करून पाखरू अण्णांच्या ओंजळीत दिलं.

ते जिवंत होतं. नर होता, डोळ्यावर पांढरी भुवई अगदी चुन्याची रेघ ओढल्यासारखी. उजवा पंख खांद्यातून मोडलेला. मोत्याच्या जबड्यानं एक पीसही दुखावलं नव्हतं, जे काही मोडलं होतं ते आम्ही मोडलं होतं. पाखरू ओरडत नव्हतं. अण्णांच्या हाताला त्याची छाती लागत होती, आणि ती किती जोरात हलत होती ते मला लांबून दिसत होतं.

अण्णा बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "लई हलकं हाये रं."

मी म्हणालो, "सोडून देऊ अण्णा."

"कुठं सोडतो? पंख मोडलाय. रात्रीत कोल्हं खाईल, न्हाईतर चार दिवस उपाशी मरंल. आपलं मन निवावं म्हणून सोडायचं का?"

त्यांनी खाली बसून, उंबऱ्याकडं पाठ करून, त्याची मान मुरगाळली. इतकी वर्षं ते शिकार करत होते, जखमी पाखरं त्यांनी अशीच संपवली होती. पण त्या दिवशी हात धुवायला ते पाण्याकडं गेले आणि कितीतरी वेळ परत आले नाहीत.

घरी मांस आजीच्या चुलीवर शिजत नसे. अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या पातेल्यात शिजायचं. त्या दिवशी अण्णांनी स्वतः पिसं काढली, स्वतः रांधलं, एकट्यानं खाल्लं. माझ्यानं घास गिळवला नसता हे त्यांनी ओळखलं असावं. जेवण झाल्यावर आजी तांब्या घेऊन आली आणि तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. होळीचा विषय तिनं काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्या साली डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा करायला लागली. निवडणूक झाली, निकाल लागला, गावातल्या इतरांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. अण्णा गेलेच नाहीत. पुढं त्यांनी परवाना नवा केला नाही.

१९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा पाखरांच्या शिकारीला परवान्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद झाली. चांगलं झालं. नुसत्या नेमांच्या भरवशावर पाखरं राहिली नसती. नेम मोडायला रागाची एक रात्र पुरते, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. पण कायदा यायच्या आधी अण्णांचा हात कशानं थांबला, हा प्रश्न मला अजून सुटला नाही, आणि माझ्या मुलीनं तो परत उकरून काढला. ती संभाजीनगरला असते. सुट्टीत आली असता कुणाकडून तरी ऐकून तिनं विचारलं, "आजोबा बदकं मारायचे? तुम्ही बघत बसायचात?" तिच्या आवाजात किळस होती.

मी म्हणालो, "मारायचे." पुढं काय सांगावं ते सुचेना. अण्णांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांचं जुनं उत्तर होतं, वावर महं. पण त्या उत्तराचा खोटेपणा त्यांना त्या जोत्यावर कळला होता, असं मला वाटतं. आपलं नुकसान झालं हे शंभर टक्के खरं. त्याची भरपाई त्या नुकसानाशी संबंध नसलेल्या, चार महिने मुक्कामाला आलेल्या पाव्हण्याकडून वसूल करायची, हा हिशेब काठावरून बरोबर वाटतो. बंदूक तो हिशेब काठावरच मिटवून देते. मोत्यानं तसं होऊ दिलं नाही. त्यानं लांबचं पाखरू उचललं आणि जसंच्या तसं, उबदार, धडधडणारं, ज्याचं होतं त्याच्या हातात आणून दिलं. तेही आमच्याच उंबऱ्यावर.

मी मुलीला एवढंच विचारलं, "तू काल दुकानातून कोंबडी आणलीस, तिचं वजन किती होतं?" ती म्हणाली, "एक किलो." मी म्हणालो, "हातात धरल्यावर किती होतं?" तिला राग आला, आणि तो योग्यच होता. माझं बोलणं तिला हरवायला काढलेलं होतं. पण मला तो प्रश्न स्वतःला विचारायचा होता. मीही दुकानातूनच आणतो. तिच्या नळाला जे पाणी येतं ते नाथसागरातून येतं, म्हणजे आमच्या विहिरीवरून जातं. मराठवाड्याची तहान खोटी नव्हती. कालव्याखाली ज्यांचे मळे भिजले त्यांनी आमचं काही चोरलं नाही. तरीपण आमचं घर कुणाच्या हातात कधी कुणी आणून ठेवलं नाही. आपण सगळेच कुठं ना कुठं दुरून बार काढत असतो. पडतं ते लांब, दुसऱ्याच्या शिवारात. मोत्यासारखं ते शोधून आणणारं कुणी नसतं, म्हणून आपल्याला झोप लागते.

मोत्याचं एक सांगायचं राहिलं. अण्णांनी शिकार सोडली, त्यात त्याचं काम गेलं, आणि त्याचा तर काहीच अपराध नव्हता. पुढच्या दिवाळीनंतर रात्री थवे घरावरून जायला लागले की तो उठून बसायचा, रिकाम्या खुंटीकडं बघायचा, मग अण्णांकडं. आठ-दहा दिवस अण्णांनी ते सोसलं. मग एका पहाटे त्यांनी मक्याचं एक कणीस घेतलं आणि त्याला घेऊन काठावर गेले. मी मागून गेलो. त्यांनी कणीस पाण्यात भिरकावलं. जवळची बदकं भुर्रकन उठली, एक वळसा घेऊन परत पलीकडं बसली. मोत्यानं कणीस आणून ओंजळीत दिलं. अण्णांनी ते हातात तोलून पाहिलं, त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि परत फेकलं.